वेगळ्या मैदानाचा हट्ट कशाला?

फुटबॉलच्या मैदानावर धर्म विचारून प्रवेश द्यावा का, हा प्रश्न यंदा आमच्या मुरगुडात उभा राहिला आहे. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना तो लवकर येईल आणि पुढचं शांतपणे वाचता येईल.

झालं असं की, मोहल्ल्यातल्या काही पोरांनी ईदनंतर सेव्हन साईड फुटबॉल स्पर्धा भरवायचं ठरवलं. वर्गणी सुरू झाली, चषकाचा प्रायोजक मिळाला, मोबाईलवर पोस्टरही फिरलं. पोस्टरवर खाली ठळक अक्षरात एक ओळ होती : ‘फक्त मुस्लिम खेळाडूंसाठी’. मी विचारलं तर त्यातला एक म्हणाला, “चाचा, आपली स्पर्धा, आपलीच पोरं. कुणाची कटकट नाही.” पोरं चांगली आहेत. व्यसनापासून लांब आहेत, नमाजी आहेत, दिवसभर राबून संध्याकाळी बॉलमागं पळतात. म्हणूनच त्यांच्याशी भांडायला हवं. ज्यांच्याकडून आशा नाही त्यांच्याशी कोण भांडतं?

आधी त्यांची बाजू मांडतो. ती खोटी नाही.

७ जून २०२३ला कोल्हापुरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी मोबाईलवर स्टेटस ठेवलं आणि त्याची किंमत ज्यांनी ते स्टेटस पाहिलंही नव्हतं अशा दुकानदारांनी मोजली. पुढच्या वर्षी, १४ जुलै २०२४ला, विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरच्या मुसलमानवाडीत घरं फोडली गेली, मशिदीची नासधूस झाली. गडावरच्या अतिक्रमणाचा राग गडाखालच्या माणसांवर निघाला. या दोन घटनांनंतर जिल्ह्यातल्या गावागावांत काही गोष्टी आवाज न करता बदलल्या. संध्याकाळी खेळायला बोलावणारा मित्र बोलवेनासा झाला. एका मंडळाच्या संघात दोन वर्षं खेळलेल्या पोराला ‘यंदा बघू’ असं सांगितलं गेलं आणि ते बघणं काही झालं नाही. पास चुकला तर बाकीच्यांना नावानं शिवी पडते, आमच्या पोराला धर्माच्या नावानं पडते. हे सोसून पोरं म्हणतात, “आपलं आपण खेळू.” त्यांना ‘तुम्ही जातीयवादी आहात’ असं म्हणणं हा अन्याय होईल. ती दुखावलेली आहेत.

पण दुखणं खरं असलं म्हणून त्यावरचं औषध बरोबर असतं असं नाही.

कोल्हापूरचा फुटबॉल काय आहे, ते जरा बघू. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये वरिष्ठ गटाचे सोळा संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी... या नावांत एकही धर्म नाही, एकही जात नाही. पेठ आहे, गल्ली आहे, तालीम आहे, देवाचं नाव आहे तेही त्या ठिकाणाचं म्हणून आहे. हे हौशी खेळाडू आहेत. कुणी दुकानात कामाला, कुणी कॉलेजात, कुणी रिक्षा चालवतो. आता परदेशी खेळाडूही पैसे देऊन आणले जातात, तो वेगळा विषय. पण सामन्याच्या दिवशी स्टेडियमकडं निघालेल्या माणसाला ‘कुठला?’ असं विचारलं तर तो पेठेचं नाव सांगतो. त्या पेठेत राहणारा मुसलमानही तेच नाव सांगतो. पेठांच्या संघांतून आपली पोरं खेळत आली आहेत, गोल मारत आली आहेत, आणि त्यांच्या गोलवर शेजारचा पाटील, जाधव, साळोखे बेभान होऊन नाचत आला आहे.

‘तालीम’ हा शब्दच बघा. अरबी शब्द आहे, अर्थ शिक्षण. आपल्या घरात दीनी तालीम म्हणतात, पेठेत लाल मातीची तालीम म्हणतात. ‘दिलबहार’ कुठल्या भाषेतलं? ‘मैदान’ कुठलं? ‘खासबाग’ कुठलं? कोल्हापुरातल्या कित्येक तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि ते बसवणाऱ्यांत हिंदू घरं आहेत. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडात मशिदीत गणेशोत्सवाचा गणपती बसतो. हे सगळं मी ‘किती छान’ म्हणून सांगत नाही. असल्या आठवणी सांगून कुणाचं फुटलेलं दुकान भरून येत नाही, हे मला कळतं. मला एवढंच म्हणायचंय की तालमीवर, पेठेवर, मैदानावर आपला वाटा आहे. तो कुणी दान दिलेला नाही. आणि आपण वेगळी स्पर्धा काढतो तेव्हा तो वाटा आपल्याच हातानं सोडून देतो. ज्याला आपण संघात नको आहोत, त्याच्या मनासारखं यापेक्षा जास्त काय होणार?

इथं एक हुशार आक्षेप येतो. आमच्यातल्या एका शिकलेल्या तरुणानं तो घेतला : “शाहू महाराजांनी मुसलमानांसाठी वेगळं बोर्डिंग काढलंच होतं ना? मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं. मग वेगळा संघ का चालत नाही?”

प्रश्न चांगला आहे, उत्तरही नीट द्यायला हवं. १९०१मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग निघालं, १९०६मध्ये मुस्लिम समाजासाठी शिक्षण संस्था निघाली, दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आजही उभं आहे. महाराज स्वतः त्या संस्थेचे अध्यक्ष झाले. पण बोर्डिंग कशासाठी होतं? खेड्यातल्या गरीब पोराला शहरात राहायला जागा नव्हती, जेवायची सोय नव्हती, म्हणून तो शाळेच्या दारापर्यंत पोचतच नव्हता. बोर्डिंगनं त्याला त्या दारापर्यंत आणलं. राहणं, जेवणं वेगळं, पण शाळा आणि कॉलेज सगळ्यांचं एकच. मुसलमानांसाठी वेगळं राजाराम कॉलेज महाराजांनी काढलं नाही. आणि १९१२मध्ये खासबागचं कुस्तीचं मैदान पूर्ण झालं तेव्हा त्यात आखाडा एकच होता. मराठ्यांचा एक, मुसलमानांचा एक, असे दोन हौद खणले नाहीत. फाळणीनंतरसुद्धा सादिक पंजाबी, गोगा पंजाबी यांच्यासारखे पाकिस्तानचे पैलवान कोल्हापूरच्या मातीत उतरले आणि त्यांची नावं तालमीतली म्हातारी माणसं आजही आदरानं घेतात.

तेव्हा शाहू महाराजांचा दाखला द्यायचा तर पुरा द्या. आपल्या पोरांना बूट घ्यायला पैसे नसतील तर जमातीनं फंड काढावा. सरावाला शहरात जायला एस.टी.चं भाडं नसेल तर द्यावं. एखाद्याला चांगल्या प्रशिक्षकाकडं ठेवायचं असेल तर त्याचा खर्च उचलावा. हे आजचं बोर्डिंग. त्याला माझा पाठिंबा आहे, वर्गणीही पहिली माझी घ्या. पण मैदान वेगळं करणं हे बोर्डिंग होत नाही.

धर्मावर संघ पाडले की काय होतं, हे या देशानं एकदा करून बघितलं आहे. मुंबईत आधी युरोपियन आणि पारशी यांच्यात क्रिकेटचे सामने होत. १९०७मध्ये हिंदू संघ आला, १९१२मध्ये मुस्लिम संघ आला आणि चौरंगी स्पर्धा झाली. १९३७मध्ये ‘द रेस्ट’ म्हणजे ‘बाकीचे’ नावाचा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. गर्दी अफाट, पैसा अफाट, क्रिकेटही उत्तम. १९४०च्या डिसेंबरात गांधीजींनी धर्मावर पाडलेल्या या संघांना उघड विरोध केला. तरीही स्पर्धा चालली आणि १९४६ला कायमची थांबली. तोवर देशात काय पेटलं होतं ते वेगळं सांगायला नको. क्रिकेटमुळं फाळणी झाली असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण शाळकरी पोरांनासुद्धा ‘आपला संघ’ म्हणजे आपल्या धर्माचा संघ अशी सवय या स्पर्धेनं लावली, हे नाकारताही येणार नाही.

त्या ‘बाकीचे’ संघात कोण होता माहीत आहे? आपल्या शेजारच्या सांगलीत जन्मलेला विजय हजारे. मराठी ख्रिस्ती. १९४३च्या पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध फॉलोऑननंतर त्याच्या संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेच्या. पुढं तो भारताचा कर्णधार झाला. एवढ्या मोठ्या खेळाडूला स्वतःच्या प्रांतात कुठल्या नावाखाली खेळावं लागलं? ‘बाकीचे’. सांगलीच्या माणसाला मुंबईत ‘उरलेला’ ठरवणारी ती व्यवस्था होती. धर्माची यादी करायला बसलं की कुणीतरी उरतोच.

आणि यादीच्या आतही रेघा संपत नाहीत. हिंदू संघात पळवणकर बाळू हा त्या काळचा सर्वांत मोठा गोलंदाज होता. तो दलित होता, म्हणून त्याला त्या संघाचं कर्णधारपद देण्यात आलं नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३मध्ये कर्णधार झाला, तोही बऱ्याच झगड्यानंतर. ‘आपलं आपण’ म्हणून जमलेल्या संघात पहिला प्रश्न आला तो ‘आपल्यातला कोण?’ हाच.

आता आपल्याकडं वळू. ‘फक्त मुस्लिम’ म्हटल्यावर भांडण थांबेल असं ज्यांना वाटतं त्यांनी मोहल्ल्यात एक चक्कर मारावी. बागवान, शिकलगार, मुजावर, मुल्ला, पठाण, अत्तार अशी सोयरिकीची गणितं आपल्याकडंही आहेत. अमक्या मशिदीत जाणारा तमक्या मशिदीत जात नाही. सुन्नी जमात आणि तबलीगवाले एकमेकांना सलाम करतात की नाही, हे सांगायची मला गरज नाही. पहिल्या वर्षी ‘मुस्लिम चषक’ होईल, तिसऱ्या वर्षी पंचाचा निर्णय पटला नाही म्हणून एका मशिदीचे संघ निघून जातील, पाचव्या वर्षी प्रत्येक बिरादरीची वेगळी प्रीमियर लीग असेल. महाराष्ट्रात बाकीच्या समाजांचं हे झालंच आहे. गावोगावी जातीच्या नावानं क्रिकेटच्या लीग भरतात आणि त्यांचे फलक चौकाचौकात लागतात. तेही चूक आहे. त्यांनी केलं म्हणून आपण करायचं असेल तर मग त्यांना नावं ठेवायचा आपला हक्क संपला.

कुणी म्हणेल, कलकत्त्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग क्लब मग काय वाईट होता? अजिबात वाईट नव्हता. १८९१मध्ये तो निघाला. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं त्यानं कलकत्ता लीग जिंकली. ती लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. गोऱ्या पलटणींच्या संघांना हरवलं तेव्हा देशभरातल्या मुसलमानांची छाती फुगली होती. पण दोन गोष्टी विसरू नका. एक, मोहम्मडन वेगळ्या मुस्लिम लीगमध्ये खेळत नव्हता. तो सगळ्यांच्या लीगमध्ये, सगळ्यांसमोर जिंकला. दोन, पुढं त्याचा दरवाजा उघडला. २०२३-२४ची आय-लीग जिंकून हा क्लब आयएसएलमध्ये गेला, त्या संघात मिझोरामचे खेळाडू होते, परदेशातले होते. नाव जुनंच राहिलं, संघ सगळ्यांचा झाला.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट याहून बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून तिकडं गेलेल्या कामगारांनी जागोजाग फुटबॉल क्लब काढले. ग्रीकांचा, इटालियनांचा, क्रोएशियनांचा, सर्बांचा, ज्यूंचा. मोठ्या शहरांतच नव्हे, छोट्या गावांच्या हौशी लीगमध्येसुद्धा. नव्या देशात भाषा येत नाही, ओळख नाही, शनिवार-रविवारी जायला जागा नाही. क्लबात आपल्या माणसांची गाठ पडायची, कामाची खबर मिळायची. ही गरज खरी होती, बोर्डिंगसारखीच. पण मायदेशातली वैरंही बॉलबरोबर आली. २००५मध्ये सिडनीत एका क्रोएशियन आणि एका सर्बियन पाळंमुळं असलेल्या क्लबच्या सामन्यात समर्थकांची मारामारी झाली. मग २०१४मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेनं क्लबांना नव्यानं वांशिक नावं-चिन्हं घ्यायला बंदी केली. लोकांनी ओरड केली, की आमचा इतिहास कशाला पुसता? २०१९मध्ये ती बंदी मागं घेऊन नवे नियम आणले. त्यांचा रोख असा की वारसा जपा, पण क्लब सगळ्यांसाठी खुला ठेवा.

माझं म्हणणं नेमकं हेच आहे. स्पर्धा मोहल्ल्यानं भरवावी, जरूर भरवावी. ईदच्या निमित्तानं भरवावी. चषकाला मोहल्ल्यातल्या एखाद्या मरहूम बुजुर्गाचं नाव द्यावं. पण पोस्टरवरची ती शेवटची ओळ काढून टाकावी. ‘मुरगूड आणि पंचक्रोशीतल्या सर्व संघांसाठी’ असं लिहावं. वेदगंगेकाठच्या गावांतले संघ बोलवावेत, कागलचे, निपाणीचे, गडहिंग्लजचे बोलवावेत. गडहिंग्लजनं तर फुटबॉलमध्ये कोल्हापूरच्या बरोबरीनं नाव कमावलं आहे आणि तिथल्या दिवाळीतल्या स्पर्धेला देशभरातून संघ येतात. तिथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पाहुण्या संघांना शिरखुर्मा आपण पाजू. मैदान आखू आपण, पंच आणू आपण, पाणी देऊ आपण. ‘यंदा बघू’ म्हणणाऱ्या मंडळालाही आमंत्रण पाठवू. त्यांचा संघ आला तर खेळेल, नाही आला तर का आला नाही हे गाव त्यांना विचारेल.

यात आपल्या पोरांचा फायदाही आहे. सात-आठ ओळखीच्या संघांत जिंकून काय मिळणार? खेळाडू घडतो तो आपल्यापेक्षा चांगल्या संघाकडून हरल्यावर. मुरगूडच्या पोराला शहरातल्या लीगमध्ये खेळायचं तर एस.टी.नं सव्वा-दीड तास जाऊन पेठेच्या एखाद्या संघाचा दरवाजा ठोठवावा लागतो. हे खरं दुखणं आहे आणि ते हिंदू पोराचंही आहे, मुसलमान पोराचंही. तालुक्यांची लीग हवी, तिच्यातल्या विजेत्याला वर जायची वाट हवी, ही मागणी दोघांनी मिळून केली तर कुणीतरी ऐकेल. मोहल्ल्यापुरती स्पर्धा भरवणाऱ्याची मागणी मोहल्ल्यापुरतीच राहते.

२०१७मध्ये भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉलचा विश्वचषक झाला. भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, बंगालचा रहीम अली होता, मणिपूरचा मोहम्मद शाहजहान होता. निवड करणाऱ्यानं पाय बघितले. तिथपर्यंत पोचायचं असेल तर सगळ्यांत खेळावं लागतं. दुसरी वाट नाही.

इतका वेळ मी आपल्या पोरांना बोललो. आता मंडळांच्या, तालमींच्या आणि संघांच्या कारभाऱ्यांना बोलायचं आहे, कारण ही वेळ त्यांनीच आणली आहे.

दादांनो, तुम्ही शाहू महाराजांच्या फोटोला हार घालता, मग त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात नाव ऐकून खेळाडू का गाळता? गाळायचाच असेल तर खेळ बघून गाळा, कुणी तक्रार करणार नाही. गॅलरीतून एखाद्या खेळाडूला धर्मावरून शिवी दिली गेली तर तुमच्या समर्थकाला आवरण्याची जबाबदारी तुमची आहे. फुटबॉलच्या हुल्लडबाजीनं कोल्हापूरचं नाव आधीच पुरेसं खराब झालं आहे. पेठेपेठेचं वैर दगडापर्यंत जातं, त्यात धर्म मिसळला तर काय होईल याचा विचार करा. सामन्यात पेठेच्या नावानं हवं तेवढं ओरडा, पण धर्माच्या घोषणा स्टेडियमबाहेर ठेवा, मग त्या कुणाच्याही असोत.

आणखी एक छोटी गोष्ट. अलीकडं रमजान हा फुटबॉलच्या हंगामातच येतो. रोजा ठेवून खेळणारी पोरं आहेत. सामना संध्याकाळी लांबला तर इफ्तारला दोन मिनिटं खेळ थांबवायला काय हरकत आहे? इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एप्रिल २०२१मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेसचा सामना असाच थांबला होता. गोल किकच्या वेळी खेळ थांबला, रोजेदार खेळाडूंनी पाणी पिऊन रोजा सोडला, खेळ पुढं सुरू झाला. कुणाचं काही बिघडलं नाही. एवढं कोल्हापूरला जमणार नाही असं मी मानत नाही. पंजे बसवणाऱ्या तालमींना खजूर आणि पाण्याच्या बाटलीसाठी दोन मिनिटं देणं जड जाऊ नये.

तुम्ही हे केलंत तर आमच्या पोरांना वेगळं मैदान सुचणारच नाही. नाही केलंत, तर मी त्यांना किती दिवस थोपवून धरणार? ती मला ऐकतात, कारण मी चाचा आहे. पण दरवेळी संघातून वगळलेल्या पोरापुढं चाचाच्या शब्दाला किती वजन राहतं, हे तुम्हीही घरी मुलं असलेली माणसं आहात, तुम्हाला कळतं. यंदाच्या हंगामाची नोंदणी सुरू झाली की यादी करताना एकदा थांबा, आणि ‘यंदा बघू’ म्हणून ज्याला परत पाठवलं होतं, त्याला निरोप धाडा.